पाळीव प्राण्याची निवड (कुत्रा व मांजर)

कुत्रा व मांजर हे मानवी वस्तीत घरगुती सोबतीसाठी सर्वाधिक पाळले जाणारे सस्तन प्राणी होत. दोन्ही प्राणी मांसाहारी गणातील असले, तरी त्यांचे पूर्वज, सामाजिक वर्तन, आहार व निगेच्या गरजा यांत मूलभूत फरक आहे. त्यामुळे कुटुंबासाठी कोणता प्राणी निवडावा याचे एकच उत्तर संभवत नाही. घरात उपलब्ध असलेला वेळ, जागा, कुटुंबातील सदस्यांचे वय व आरोग्य, तसेच दहा ते पंधरा वर्षे टिकणारी जबाबदारी उचलण्याची तयारी या बाबी निवडीत निर्णायक ठरतात. भारतात रेबीजचा प्रादुर्भाव असल्यामुळे ही निवड कौटुंबिक आवडीपुरती मर्यादित न राहता सार्वजनिक आरोग्याशीही जोडली जाते.

माणसाळण्याचा इतिहास

कुत्रा (कॅनिस फॅमिलिॲरिस) हा करड्या लांडग्याच्या प्राचीन वंशातून उत्पन्न झाला. माणसाने माणसाळवलेला हा पहिला प्राणी असून ही प्रक्रिया शेतीच्या उदयापूर्वी, शिकारी टोळ्यांच्या काळातच घडली. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. भारतात काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळीही माणसांसोबत कुत्रे पुरल्याचे आढळले आहे. शिकार, राखण व कळप हाकणे या कामांसाठी माणसाने हजारो वर्षे कुत्र्यांची निवडक पैदास केली. आज दिसणारे आकार व स्वभाव यांतील प्रचंड वैविध्य हा त्या पैदाशीचा परिणाम होय.

मांजर (फेलिस कॅटस) हे आफ्रिकी रानमांजरापासून उत्पन्न झाले. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यानंतर धान्याच्या साठ्यांकडे उंदीर वळले व उंदरांच्या मागोमाग रानमांजरे वस्तीजवळ आली, असे सामान्यतः मानले जाते. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. त्या बेटावर रानमांजर मूळचे नसल्यामुळे ते माणसानेच नावेतून नेले असावे. मांजराकडून उंदीर मारण्याखेरीज विशेष काम अपेक्षित नव्हते आणि ते काम त्याला शिकवावेही लागले नाही. म्हणूनच मांजराच्या शरीररचनेत व वर्तनात रानमांजराच्या तुलनेत थोडाच बदल झालेला दिसतो. दोन्ही प्राण्यांच्या आजच्या स्वभावातील बराचसा फरक या भिन्न इतिहासातून समजतो.

भारतीय व मराठी संस्कृतीतील स्थान

महाभारताच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या भावांनी विनाकारण मारलेल्या कुत्र्याची आई सरमा ही जनमेजयाला शाप देते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो. महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या प्रतिमेत चार कुत्रे दाखवले जातात व त्यांना चार वेदांचे प्रतीक मानले जाते. खंडोबाच्या उपासनेतही कुत्र्याला स्थान असून त्याच्या उपासकांना ‘वाघ्या’ म्हटले जाते. मांजर हे अपत्यांचे रक्षण करणाऱ्या षष्ठी देवीचे वाहन समजले जाते. मराठी बालविश्वात मांजर ‘मनीमाऊ’ व ‘वाघाची मावशी’ म्हणून परिचित आहे. दुसरीकडे, मांजर आडवे जाणे अशुभ मानण्याची अंधश्रद्धाही आढळते.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी नागरिकांनी आंदोलन केले व त्याचे पर्यवसान दंगलीत झाले. शहरातील कुत्र्यांचा प्रश्न मुंबईसाठी किती जुना आहे, हे या घटनेवरून दिसते.

ग्रामीण महाराष्ट्रात दोन्ही प्राणी प्रामुख्याने उपयुक्ततेसाठी पाळले जात. शेताची, वाड्याची व धनगरांच्या मेंढ्यांची राखण कुत्र्याकडे, तर कणगीतील धान्याचे उंदरांपासून रक्षण मांजराकडे असे. शहरी सदनिकेत ही कामे उरलेली नाहीत. तेथे सोबत हाच पाळण्याचा मुख्य हेतू असतो.

स्वभाव व वर्तन

कुत्रा हा समूहात राहणारा प्राणी असून कुटुंबालाच तो आपला समूह मानतो. माणसाचे हावभाव, बोटाने दाखवलेली दिशा व आवाजातील चढउतार तो चटकन ओळखतो. मालक व कुत्रा एकमेकांकडे पाहत असताना दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले. या ओढीची दुसरी बाजू अशी, की दीर्घकाळ एकटा ठेवलेला कुत्रा अस्वस्थ होतो. सतत भुंकणे, दारे व सामान कुरतडणे, घरात लघवी करणे ही अशा अस्वस्थतेची नेहमीची लक्षणे आहेत. अनेकदा त्यांना खोडकरपणा समजून कुत्र्याला शिक्षा केली जाते व त्यामुळे त्याची भीती वाढते.

मांजराचे पूर्वज एकट्याने शिकार करणारे होते. पाळीव मांजर आपल्या हद्दीला, ठरलेल्या जागांना व दिनक्रमाला महत्त्व देते. दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपते व पहाटे आणि संध्याकाळी अधिक सक्रिय असते. कुत्रा माणसाला धरून राहतो व मांजर घराला, असा लोकसमज आहे. तो अंशतःच खरा आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात, तपासलेल्या मांजरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मांजरांचे सांभाळणाऱ्या व्यक्तीशी विश्वासाचे नाते असल्याचे दिसले. प्रौढ मांजरे एकमेकांशी क्वचितच ‘म्याव’ करतात. हा आवाज प्रामुख्याने माणसासाठी वापरला जातो. मांजराचा जिव्हाळा मात्र त्याच्या कलाने व्यक्त होतो. बळजबरीने उचलून घेतल्यास ते दूर जाते किंवा ओरबाडते.

दोन्ही प्राण्यांत पिल्लावस्थेतील अनुभव महत्त्वाचे असतात. मांजराच्या पिल्लासाठी दुसरा ते सातवा आठवडा व कुत्र्याच्या पिल्लासाठी तिसरा ते साधारण बारावा आठवडा हा माणसांची सवय होण्याचा काळ असतो. या काळात माणसांचा प्रेमळ सहवास न मिळालेले पिल्लू मोठेपणी भित्रे किंवा आक्रमक होऊ शकते.

जागा, वेळ व दिनक्रम

कुत्र्याला रोज किमान दोनदा बाहेर फिरवणे आवश्यक असते. मलमूत्रविसर्जन, व्यायाम व वास घेत परिसर जाणून घेणे या तिन्ही गरजा त्यातून भागतात. मुसळधार पाऊस, आजारपण किंवा परीक्षा यांमुळे हा क्रम थांबवता येत नाही. सार्वजनिक जागेत पडलेली विष्ठा उचलणे ही मालकाची जबाबदारी असते. घराच्या क्षेत्रफळापेक्षा रोज मिळणारा व्यायाम कुत्र्यासाठी अधिक महत्त्वाचा असतो. लहान सदनिकेत राहून नियमित फिरणारा कुत्रा, बंगल्याच्या आवारात दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्यापेक्षा समाधानी असू शकतो.

मांजर वाळूच्या भांड्यात विधी करण्यास सहज शिकते. त्यामुळे त्याला फिरवून आणावे लागत नाही. भांडे दररोज स्वच्छ करणे, नखे घासण्यासाठी खांब किंवा खडबडीत पृष्ठभाग देणे, बसण्यासाठी उंच जागा करणे व रोज काही वेळ खेळवणे या त्याच्या मुख्य गरजा आहेत. कामानिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्या कुटुंबाला मांजर तुलनेने सोयीचे ठरते. तथापि मांजराला सोबतीची गरजच नसते हा समज चुकीचा आहे. बहुमजली इमारतींत खिडक्या व सज्जांना जाळी नसल्यास मांजर पडून गंभीर जखमी होण्याचा धोका असतो. मोकळे सोडलेले मांजर वाहनांखाली सापडू शकते, तसेच पक्षी व लहान प्राण्यांची शिकार करून परिसरातील जैवविविधतेची हानी करते.

जुन्नर, अकोले यांसारख्या उसाच्या पट्ट्यात व मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत बिबट्यांचा वावर आहे. पश्चिम महाराष्ट्रातील शेतीप्रदेशात झालेल्या अभ्यासात कुत्रा हे बिबट्याचे प्रमुख भक्ष्य असल्याचे दिसून आले. मांजराचाही भक्ष्यात समावेश होता. अशा भागांत दोन्ही प्राण्यांना रात्री बंदिस्त जागेत ठेवणे आवश्यक ठरते.

हवामान व जात

जाड केसांच्या सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्डसारख्या जाती थंड प्रदेशांत विकसित झाल्या असून महाराष्ट्रातील उन्हाळा त्यांना त्रासदायक ठरतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्म्यात श्वास घेणे कठीण जाते. हीच अडचण चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांत आढळते. शिवाय त्यांचे लांब केस रोज विंचरावे लागतात. गावठी कुत्री व मांजरे स्थानिक हवामानाला जुळवून घेतलेली असतात आणि निवडक पैदाशीतून येणारे आनुवंशिक दोष त्यांच्यात कमी आढळतात.

देशी जातींपैकी कारवान किंवा मुधोळ हाउंड ही दख्खनच्या पठारावरील चपळ शिकारी जात महाराष्ट्र व कर्नाटकात परिचित आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये कुत्र्यांच्या जातींवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडसह राजपालयम, रामपूर हाउंड व हिमालयीन मेंढपाळ कुत्रा यांचा समावेश होता. शिकारी जातींना धावण्यासाठी पुरेशी मोकळी जागा लागते, त्यामुळे देशी असूनही त्या प्रत्येक शहरी कुटुंबाला मानवतीलच असे नाही.

आहार

माणसासोबत राहताना कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा वाढली. त्यामुळे मांस, अंडी यांच्याबरोबर भात व भाकरीचा समावेश असलेला संतुलित आहार त्याला चालतो. केवळ दूध-पोळीवर ठेवलेल्या कुत्र्याला मात्र पुरेशी प्रथिने मिळत नाहीत.

मांजर हे पूर्णतः मांसाहारावर अवलंबून असते. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही व त्याच्या अभावी अंधत्व आणि हृदयविकार संभवतो. जीवनसत्त्व ‘अ’देखील त्याला प्राणिजन्य अन्नातूनच मिळवावे लागते. मांजराला गोड चव कळत नाही. मांजर म्हणजे दूध पिणारा प्राणी ही प्रतिमा रूढ असली, तरी अनेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही व जुलाब होतात. घरात मांस किंवा मासे आणण्यास आक्षेप असणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने मांजर निवडण्यापूर्वी या बाबीचा विचार करणे आवश्यक असते. निव्वळ शाकाहारी घरगुती अन्नावर मांजर निरोगी राहू शकत नाही.

कांदा, लसूण व चॉकलेट हे पदार्थ दोन्ही प्राण्यांना अपायकारक आहेत. द्राक्षे व मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. लिलीच्या काही जातींच्या सेवनाने मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. माणसांसाठी सर्रास वापरले जाणारे पॅरासिटामॉल मांजरासाठी अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यासही विषबाधा होते. त्यामुळे एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

आरोग्य व लसीकरण

कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतदाह व लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसी टप्प्याटप्प्याने दिल्या जातात. मांजराला पॅनल्यूकोपेनिया व श्वसनमार्गाच्या विषाणूंवरील लसी देतात. रेबीजची लस दोन्ही प्राण्यांना साधारण तिसऱ्या महिन्यात देऊन नंतर पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे पुन्हा दिली जाते. जंतनाशके व पिसवा-गोचिडांवरील उपाय दोघांनाही आवश्यक असतात. गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत विशेषत्वाने आढळतो.

मांजरी चौथ्या ते सहाव्या महिन्यातच गाभण राहू शकते व वर्षातून एकाहून अधिक वेळा विते. दोन्ही प्राण्यांचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. निर्बीजीकरण न केल्यास नको असलेली पिल्ले रस्त्यावर सोडली जाण्याची शक्यता वाढते. निर्बीजीकरणामुळे बोक्याचे मूत्र फवारणे व भटकणे कमी होते, तर कुत्रीमधील गर्भाशयाच्या जंतुसंसर्गाचा धोका टळतो.

रेबीज

रेबीजची लक्षणे प्रकट झाल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसांतील रेबीजच्या सुमारे ९९ टक्के घटनांना कुत्र्याचा दंश कारणीभूत असतो. मांजराच्या चाव्यातूनही हा आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे एक-तृतीयांश भारतात होतात व बळींमध्ये लहान मुलांचे प्रमाण मोठे असते. मुले दंश किंवा ओरखडा घरी सांगत नाहीत, हे त्याचे एक कारण आहे. पाळीव प्राणी घरी आणताना ‘चावले किंवा ओरबाडले तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही’ अशी खात्री मुलांना देणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दंश झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालयात जावे लागते. हळद, चुना किंवा तिखट लावण्याचे प्रकार अपायकारक आहेत. स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीच्या प्रचलित वेळापत्रकात पहिली मात्रा घेतल्याचा दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पुढील मात्रा दिल्या जातात. रक्त आलेल्या जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक असते. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याच्या उद्दिष्टाने भारत सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

कुटुंबातील सदस्य

सहा-सात वर्षांखालील मुलांना प्राण्याच्या नापसंतीच्या खुणा ओळखता येत नाहीत. कान मागे घेणे, गुरगुरणे व शेपटी आपटणे हे दंशापूर्वीचे इशारे असू शकतात. त्यामुळे लहान मूल व प्राणी यांना देखरेखीशिवाय एकत्र ठेवले जात नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांसोबत असलेल्या प्राण्याला त्रास न देण्याचा नियम दोन्ही प्राण्यांना लागू होतो.

वृद्धांसाठी कुत्रा नियमित चालण्याचे निमित्त ठरतो. परंतु जोरात ओढणाऱ्या मोठ्या कुत्र्यामुळे पडण्याचा धोकाही असतो. हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तींना मांजराची देखभाल सुलभ जाते.

मांजराची ॲलर्जी प्रामुख्याने त्याच्या लाळेत व त्वचेत असलेल्या एका प्रथिनामुळे होते. हे प्रथिन हवेत व कपड्यांवर दीर्घकाळ टिकते. कुत्र्याच्या ॲलर्जीचे प्रमाण तुलनेने कमी असते. घरात दम्याचा रुग्ण असल्यास प्राणी आणण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हितावह ठरते.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो व गर्भवती स्त्रीच्या गर्भाला त्यापासून धोका असतो. या परजीवीची विष्ठेतील अवस्था संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून भांडे रोज, व शक्यतो घरातील अन्य व्यक्तीने, साफ केल्यास हा धोका बराच कमी होतो. कमी शिजवलेले मांस व न धुतलेल्या भाज्या हेही या संसर्गाचे महत्त्वाचे मार्ग आहेत. गर्भारपणाच्या कारणावरून मांजर घराबाहेर काढणे सहसा आवश्यक नसते.

कायदेशीर बाबी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार पाळीव प्राण्याला उपासमार किंवा तहानेने यातना होतील अशा स्थितीत सोडून देणे, अवाजवी आखूड वा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हे गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी मूळ अधिनियमातील दंड केवळ १० ते ५० रुपये आहे. पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना धोका पोहोचू नये यासाठी आवश्यक खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरतो. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो. गृहनिर्माण संस्थांना सदनिकाधारकांवर प्राणी पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही.

दत्तक, खरेदी व दीर्घकालीन जबाबदारी

प्राणी निवारागृहातून किंवा परिसरातून दत्तक घेता येतो, अथवा नोंदणीकृत पैदासकाराकडून विकत घेता येतो. पिल्लाऐवजी प्रौढ प्राणी निवडल्यास त्याचा स्वभाव व आकार आधीच कळतो. ज्या घरांत पिल्लाच्या शिक्षणास वेळ नसतो, तेथे हा पर्याय विशेष उपयुक्त ठरतो. दोन्ही प्राणी एकाच घरात पाळायचे असल्यास त्यांची ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी लागते व मांजरासाठी कुत्रा पोहोचणार नाही अशी उंच जागा ठेवावी लागते.

कुत्र्याचे सर्वसाधारण आयुर्मान दहा ते तेरा वर्षे असून लहान जातींचे कुत्रे त्याहून अधिक जगतात. घरात राहणारे मांजर बारा ते अठरा वर्षे जगू शकते. चौथीतील मुलाच्या हट्टाखातर आणलेला प्राणी ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत, किंबहुना नोकरीला लागेपर्यंत घरात असतो. त्याचे म्हातारपण व आजारपण बहुधा आईवडिलांच्या वाट्याला येते. पहाटे कोण फिरवणार, भांडे कोण साफ करणार, सुट्टीत वा बदलीच्या प्रसंगी प्राणी कोठे राहणार आणि उपचारांचा खर्च कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे प्राणी आणण्यापूर्वी मिळाली, तर कुत्रा की मांजर हा प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतो. ती न मिळाल्यास कोणताही प्राणी न पाळणे हाही योग्य निर्णय असतो. कारण चुकीच्या निवडीची सर्वाधिक किंमत निवडीत ज्याला मत नसते त्या प्राण्याला मोजावी लागते. माणसावर विसंबून वाढलेला कुत्रा किंवा मांजर रस्त्यावर सोडल्यास अन्न मिळवणे, वाहने टाळणे व तेथील प्राण्यांशी सामना करणे त्याला अवघड जाते.

हे सुद्धा पहा

कुत्रा
मांजर
रेबीज
मुधोळ हाउंड
पशुवैद्यक
प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०